व्हॉट्सॲप चालते, मग बँकेचे ॲप का नको? ज्येष्ठांमधल्या फरकाविषयी एक प्रश्न

कृष्णाकाठ यांचा प्रश्न

नमस्कार. ऑनलाइन बँकिंगचा विषय निघाला की ‘म्हाताऱ्या माणसांना हे जमत नाही’ या एका वाक्यात आपण सगळ्या ज्येष्ठांना बसवून मोकळे होतो. माझ्या घरातच या वाक्यात न बसणारी दोन माणसे आहेत आणि त्यांच्यातला फरक मला उलगडत नाही.

माझे वडील ७६ वर्षांचे आहेत आणि पाटबंधारे खात्यातून उपअभियंता म्हणून निवृत्त झाले आहेत. अंदाजपत्रके आणि मोजमाप पुस्तिका तपासण्यात सगळी नोकरी गेल्यामुळे आकड्यांशी त्यांचे कधीच वाकडे नव्हते. आजही पासबुक भरून आणले की ते टेबलाशी बसतात, स्वतःची वही उघडतात आणि दोन्हींतील रक्कम जुळली की पासबुकातल्या त्या ओळीपुढे पेन्सिलीने बारीक टिंब देतात. मोबाइलचेही त्यांना वावडे नाही. व्हॉट्सॲपवर त्यांचे तीन गट आहेत, यूट्यूबवर ते नाट्यसंगीत शोधून ऐकतात आणि बंगळूरला असलेल्या नातीशी रोज रात्री व्हिडिओ कॉल करतात. मात्र बँकेचे ॲप त्यांनी फोनमध्ये घेऊ दिलेले नाही. वीजबिलाचा धनादेश लिहून तो टाकायला ते रिक्षाने जातात आणि रिक्षाचे भाडेही सुट्ट्या पैशांत मोजून देतात.

याउलट माझी आत्या. ती ७२ वर्षांची असून मिरजेत एकटी राहते. तिचे शिक्षण सातवीपर्यंत झाले आहे. यजमान लवकर गेल्यावर तिने दवाखान्यांत दाखल असलेल्या रुग्णांच्या नातेवाइकांसाठी खानावळ चालवली आणि दोन मुले वाढवली. आता गॅसची टाकी, दूध, औषधे, अगदी दळणाचे वीस रुपयेसुद्धा ती यूपीआयने देते. गिरणीवाल्याच्या पेटीतून रक्कम मोठ्याने ऐकू येईपर्यंत पिठाचा डबा मात्र उचलत नाही.

दोघे सख्खी भावंडे, वयात चार वर्षांचे अंतर. शिक्षणाने फरक पडत असेल असे मी समजत होते, पण इथे तर ते उलटेच दिसते. हा फरक नेमका कशामुळे पडतो, आणि वडिलांना मी आग्रह करावा की करू नये, याविषयी जाणकारांनी लिहावे ही विनंती.

जुना रोखपाल यांचे उत्तर

ताई, मी एका राष्ट्रीयीकृत बँकेत ३६ वर्षे काढली, त्यातली बरीचशी काउंटरवर, त्यामुळे थोडे सविस्तर लिहितो.

पहिल्यांदा स्वतःबद्दलच सांगणे योग्य ठरेल. बँकांच्या संगणकीकरणाविषयीच्या रंगराजन समितीच्या १९८४ च्या अहवालानंतर शाखांमध्ये जाडजूड खातेवह्यांच्या जागी लेजर पोस्टिंगची यंत्रे येऊ लागली, तेव्हा मी तिशीच्या आत होतो आणि संगणकीकरणाच्या विरोधातल्या सभांमध्ये घोषणा देत होतो. आमच्या शाखेत त्या यंत्राला सर्वांत आधी सरावले ते निवृत्तीला चार वर्षे उरलेले एक हेड क्लार्क, कारण दिवसअखेर ताळा जुळला नाही की रात्री नऊपर्यंत बसण्याची पाळी त्यांच्यावरच येत असे. त्यांना त्या यंत्राची गरज होती, मला नव्हती. आपल्या आत्याबाईंना दुधाचे आणि गॅसचे पैसे स्वतःच द्यावे लागतात, कारण घरात दुसरे कोणी नाही. आपल्या वडिलांच्या घरात आपण आहात, रिक्षा आहे आणि शाखा हाकेच्या अंतरावर आहे.

परंतु हे अर्धेच कारण झाले. व्हॉट्सॲपवर चूक झाली तर भलत्या गटात ‘शुभ सकाळ’ जाते, लोक हसतात आणि विषय संपतो, पण बँकेच्या ॲपवर चूक झाली तर काय होते, हे आपल्या वडिलांना बहुधा आपल्यापेक्षा अधिक नेमके ठाऊक असावे. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार, चूक ना ग्राहकाची ना बँकेची, अशा फसवणुकीची माहिती तीन कामकाजाच्या दिवसांत बँकेला दिली तर ग्राहकावर कोणताही बोजा येत नाही, आणि चार ते सात दिवस लागले तर साधारण बचत खात्यासाठी तो १०,००० रुपयांपर्यंत मर्यादित राहतो. मात्र ग्राहकाने स्वतःच पिन किंवा ओटीपी कोणाला सांगितला असेल, तर बँकेला कळवण्यापूर्वीचे सगळे नुकसान त्याचेच. ज्येष्ठांची फसवणूक बहुतेक याच दुसऱ्या प्रकारची असते, कारण चोर कुलूप फोडत नाही, गोड बोलून किंवा दरडावून किल्ली मागून घेतो. शिवाय अनेक बँकांच्या ॲपमधून मुदत ठेव घरबसल्या मोडता येते. निवृत्तीची सगळी पुंजी ज्याच्या एकाच खात्याशी जोडलेली आहे, त्याने घाबरावे यात मला अडाणीपणा दिसत नाही. पंचविशीतल्या मुलाचे पाच हजार गेले तर ते पुढच्या पगारात भरून निघतात. पेन्शनरांचे पाच लाख गेले तर ते कशातून भरून निघायचे?

आग्रह करायचाच असेल तर पुढील मांडणी करून पाहा. ठेवी आणि निवृत्तिवेतन आहे त्या खात्यातच ठेवावे आणि त्या खात्याला नेट बँकिंग घ्यायचेच असेल तर फक्त पाहण्यापुरते घ्यावे. अशी सोय बऱ्याच बँका देतात. चार-पाच हजारांचे दुसरे खाते काढून यूपीआय त्यालाच जोडावे. सुरुवातीला यूपीआय लाइट, म्हणजे खात्यातून थोडे पैसे आधी वेगळे भरून ठेवून त्यातूनच खर्च करण्याची सोय, उत्तम, कारण त्यात एका वेळी १,००० रुपयांपर्यंतच पैसे जातात, एकूण ५,००० पर्यंतच ठेवता येतात आणि पिन टाकावा लागत नाही. यूपीआय सर्कलचाही विचार करता येईल. त्यात खाते आपले राहते आणि आपण ठरवून दिलेल्या मर्यादेत, महिन्याला जास्तीत जास्त १५,००० रुपयांपर्यंत, वडील त्यांच्या फोनवरून पैसे देऊ शकतात.

डोंबिवलीची बाई यांचे उत्तर

मी प्राथमिक शाळेतून निवृत्त झाले असून आमच्या भागातील ज्येष्ठ नागरिक संघात दर बुधवारी दुपारी मोबाइलचा वर्ग घेते. रोखपाल साहेबांनी गरज आणि जोखीम मांडली. मला वर्गात ज्या गोष्टी दिसतात त्या याहून बारीक आहेत, पण माणूस टिकतो की गळतो हे बऱ्याचदा त्यांवरच ठरते.

वर्गात येणाऱ्या प्रत्येकाला मी पहिला प्रश्न विचारते तो असा, की बँकेचा ओटीपी कोणाच्या फोनवर येतो? पुरुष बहुधा ‘माझ्या’ म्हणतात. बायकांपैकी कित्येकींना उत्तर द्यायला वेळ लागतो, कारण खाते दोघांच्या नावे असले तरी त्याला क्रमांक यजमानांचा किंवा मुलाचा जोडलेला असतो. अशा बाईला ऑनलाइन बँकिंग ‘जमत नाही’ असे म्हणणे म्हणजे जिच्या हातात कधी किल्लीच दिली नाही तिला कुलूप उघडता येत नाही असे म्हणण्यासारखे आहे. दोन वर्षांपूर्वी एक ६९ वर्षांच्या बाई वर्गात आल्या. यजमान जाऊन दोनच महिने झाले होते, कुटुंब निवृत्तिवेतन त्यांच्या नावे सुरू झाले होते आणि त्यांचा स्वतःचा क्रमांक आयुष्यात पहिल्यांदा बँकेत नोंदवला गेला होता. मी सगळ्यांना शेजारच्याला एक रुपया पाठवायला लावते, तसा त्यांनीही पाठवला. पलीकडे रुपया पोहोचल्याची खूण वाजली, तरी त्या बराच वेळ स्वतःच्या पडद्याकडे पाहत राहिल्या आणि मग त्यांनी विचारले, “आता हा परत मागता येतो का हो?” पाठवलेला पैसा आपल्या हातून परत खेचता येत नाही, हे त्या एका प्रश्नात सगळ्या वर्गाला जेवढे कळले तेवढे माझ्या फळ्यावरच्या चित्रांनी कळले नव्हते.

वयाचा प्रश्न अजिबात नाही असेही मी म्हणणार नाही, पण तो शरीरात असतो. म्हातारपणी बोटांची त्वचा कोरडी पडते आणि स्पर्शाच्या पडद्याला कोरडे बोट नीट कळत नाही. मग माणूस जोरात दाबतो, लांब दाबतो, आणि भलतीच खिडकी उघडते. मी बशीत ओला रुमाल ठेवते, त्याला बोट टेकवून मग पडद्याला लावायचे. हात कापणाऱ्यांचा ओटीपी टाकून होईपर्यंत त्याची मुदत संपते. ज्यांचा मोतीबिंदू अजून काढायचा आहे त्यांना फिकट राखाडी अक्षरांतली सूचना दिसतच नाही, आणि नेमकी महत्त्वाची सूचना फिकट राखाडी अक्षरांत लिहिण्याची ही पद्धत कोणी काढली हे मला अजून कळलेले नाही.

भाषेचेही तेच. आमच्या पिढीला पासबुकातले ‘जमा’, ‘नावे’ आणि ‘शिल्लक’ हे शब्द चांगले कळतात. ॲपची भाषा मराठी केली की तिथे ‘सत्यापित करा’ असे काहीतरी येते, जे कोणाच्याच घरात बोलले जात नाही, आणि लोक पुन्हा इंग्रजीकडे वळतात.

राहिला आपल्या वडिलांसारख्यांचा प्रश्न. माझ्या वर्गात मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले पुरुष सर्वांत कमी प्रश्न विचारतात. आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका काढलेल्या माणसाला चारचौघांत स्वतःची चूक होऊ देणे जड जाते. खानावळ चालवलेल्या बाईला गिऱ्हाइकाला “हे कसं करायचं ते दाखव रे” म्हणताना संकोच वाटत नाही. घरात शिकवणारी माणसे तर अनेकदा शिकवतच नाहीत. दोन मिनिटे झाली की मुलगा “द्या इकडे” म्हणून फोन घेतो आणि स्वतः करून टाकतो. आपण असे करत असाल तर कृपया थांबवावे.

माणदेशी यांचे उत्तर

वरील चर्चा शहरातल्या आणि निवृत्तिवेतनधारक ज्येष्ठांची आहे. आमच्याकडचे चित्र वेगळे आहे. इथल्या ज्येष्ठांपुढे हे तंत्रज्ञान घ्यावे की न घ्यावे असा प्रश्न आलाच नाही. ते थेट त्यांच्या अंगठ्यापर्यंत येऊन पोहोचले.

श्रावणबाळ योजनेचे दरमहा १,५०० रुपये ज्या म्हाताऱ्यांना मिळतात, त्यांच्यापैकी अनेकांकडे साधा, बटणांचा फोन असतो आणि तोही मुलाकडे. पैसे काढायचे ते गावातल्या बँक मित्राकडे (बँकेच्या प्रतिनिधीकडे) किंवा पोस्टमनकडे, आधार क्रमांक सांगून आणि यंत्रावर अंगठा ठेवून. कागदोपत्री ही मंडळी डिजिटल व्यवहार करतात. प्रत्यक्षात जन्मभर खुरपे धरलेल्या, दगड उचललेल्या हाताच्या रेषा झिजलेल्या असतात आणि यंत्र तो अंगठा ओळखत नाही. माझी चुलती एकदा या कामासाठी तीन दिवस ओळीने गेली. पहिल्या दिवशी अंगठा जुळला नाही, दुसऱ्या दिवशी रेंज नव्हती, तिसऱ्या दिवशी करंगळी जुळली. तिला वाटते की यंत्राला आपला राग आहे. त्यात ती अंगठा कशासाठी ठेवते, किती रकमेसाठी ठेवते, हे पडद्यावर तिला वाचता येत नाही, आणि पावती मागितली तर “कागद संपलाय” असे उत्तर मिळते. हातात आलेले पैसे आणि खात्यातून गेलेले पैसे सारखेच आहेत की नाहीत, हे ती विश्वासावर सोडते.

साध्या फोनवरून चालणारी यूपीआयची सेवा मार्च २०२२ पासून आहे, तिचे नाव १२३ पे, पण ती वापरणारा एकही म्हातारा माणूस मी आमच्या गावात पाहिलेला नाही. फोन मुलाच्या खिशात असेल तर त्या सेवेचा काय उपयोग? तेव्हा ज्येष्ठांतला फरक मोजताना कोण वापरतो एवढेच न पाहता कोणाच्या हाताने वापरतो हेही पाहावे, एवढेच सुचवतो.

सातासमुद्रापार यांचे उत्तर

मी न्यू जर्सीत राहतो आणि आईवडील नाशिकला असतात. माणदेशी यांचे ‘कोणाच्या हाताने’ हे शब्द मनाला लागले, कारण माझ्या वडिलांचे नेट बँकिंग गेली सहा वर्षे मीच चालवतो. त्यांचा पासवर्ड माझ्याकडे असतो आणि ओटीपी ते मला फोनवर वाचून दाखवतात. बँकेच्या नोंदीत ८१ वर्षांचा एक अत्यंत सराईत ऑनलाइन ग्राहक दिसत असणार! यात काही गैर आहे असे आजवर मनात आले नव्हते.

जुना रोखपाल यांचे उत्तर

गैर आहे, आणि धोक्याचेही आहे. पासवर्ड दुसऱ्याला देणे हे बँकेच्या शर्तींविरुद्ध तर आहेच, उद्या काही विपरीत घडले तर ग्राहकाचा निष्काळजीपणा म्हणून बोट नेमके याकडेच दाखवले जाईल. त्याहून वाईट म्हणजे फोनवर कोणी मागितला की ओटीपी वाचून दाखवायचा, अशी सवय आपण त्यांना सहा वर्षे लावली आहे. आवाज मुलाचाच आहे ना, एवढीच मग त्यांची तपासणी उरते.

एकोणऐंशी नाबाद यांचे उत्तर

मी स्वतः ७९ वर्षांचा आहे आणि हा धागा वाचताना आम्ही म्हणजे कोणतेतरी कोडे आहोत असे वाटू लागले, म्हणून चार शब्द लिहितो.

रेल्वेचे आरक्षण मी स्वतः ऑनलाइन करतो, प्राप्तिकर विवरणपत्र स्वतः भरतो, आणि हयातीचा दाखला गेल्या नोव्हेंबरात घरबसल्या फोनच्या कॅमेऱ्यापुढे चेहरा धरून दिला. बँक मात्र मी काउंटरवरच करतो, आणि ते अज्ञानातून नव्हे, ठरवून. गेल्या वर्षी मला एका ‘पोलीस अधिकाऱ्याचा’ व्हिडिओ कॉल आला होता. गणवेश होता, मागे बोधचिन्ह होते आणि माझ्या नावाच्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडल्याची बातमी होती. खोलीबाहेर जायचे नाही, कोणाशी बोलायचे नाही आणि ‘पडताळणीसाठी’ सगळी रक्कम एका खात्यात पाठवायची, अशी आज्ञा झाली. डिजिटल अटक असे काही कायद्यात नाही हे आज वाचून माहीत आहे, पण त्या अर्ध्या तासात माझे हातपाय गार पडले होते. माझ्याजवळ पैसे पाठवण्याचे साधनच नव्हते. “उद्या अकरा वाजता शाखेत जाऊन भरतो,” असे मी म्हणालो आणि त्यांनीच फोन ठेवला. अकरा वाजेपर्यंत माणूस शुद्धीवर येतो. माझ्या संथपणाने माझे पैसे वाचवले. मग १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर तक्रार नोंदवली.

दुसरे असे की, रिझर्व्ह बँकेने ९ नोव्हेंबर २०१७ रोजी बँकांना सूचना दिल्या आहेत, त्यानुसार ७० वर्षांवरील ग्राहकांना घरपोच रोकड आणि धनादेश उचलण्याची सेवा द्यायची आहे, शाखेत ज्येष्ठांसाठी वेगळा किंवा प्राधान्याचा काउंटर ठेवायचा आहे आणि बचत खात्याला वर्षाला २५ धनादेश विनामूल्य द्यायचे आहेत. मी हे मागायला गेलो तेव्हा समोरच्या तरुण अधिकाऱ्याने मला अत्यंत प्रेमाने ॲप कसे घ्यायचे ते समजावून सांगितले.

यूपीआय सर्कलबद्दल एवढेच म्हणेन की मुलीच्या खात्यातून भाजी घेणे मला जमणार नाही. हे चूक असेल, पण माझ्या पिढीत ते जमणारे पुरुष थोडे.

कृष्णाकाठ यांचे उत्तर

सर्वांचे मनापासून आभार. हा धागा मी वडिलांना दाखवला. त्यांनी तो चष्मा लावून दोनदा वाचला आणि मग ‘एकोणऐंशी नाबाद’ यांना नमस्कार कळवण्यास सांगितले. ‘द्या इकडे’ हे वाक्य वाचून माझ्याकडे नुसते पाहिले.

मध्यंतरी आत्याशीही बोलणे झाले. रोखपाल साहेबांनी सुचवलेली दोन खात्यांची मांडणी तिला सांगायला गेले तर ती म्हणाली, “मग काय एकच खातं ठेवायचं? खानावळीचा गल्ला वेगळा आणि घरातला डबा वेगळा, हे तर मी पहिल्या दिवसापासून पाळत आलेय.” तिच्या ठेवी पोस्टात आहेत आणि त्यांचा फोनशी संबंध नाही. यूपीआय जोडलेल्या खात्यात ती महिन्याच्या खर्चापुरतेच पैसे ठेवते. म्हणजे जिला मी बेधडक समजत होते ती वडिलांइतकीच सावध निघाली, फक्त तिच्या सावधपणाला रोजचा गल्ला सांभाळण्याची सवय होती.

वडिलांनी दुसरे खाते काढले. यूपीआय लाइट मात्र त्यांनी साफ नाकारले, आणि त्याचे कारण आमच्यापैकी कोणाच्याच लक्षात आले नव्हते. लाइटमध्ये पैसे भरल्याची एकच नोंद पासबुकात येते, त्यातून दिलेल्या छोट्या रकमांच्या वेगवेगळ्या नोंदी तिथे छापून येत नाहीत. “म्हणजे मी ताळा कशाशी जुळवू?” असे त्यांनी विचारले आणि त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हते. साधे यूपीआय चालेल, पिन टाकावा लागला तरी हरकत नाही, पण प्रत्येक रुपयाची ओळ पासबुकात उमटली पाहिजे, असे ठरले.

काल संध्याकाळी त्यांनी इस्त्रीवाल्याला ६० रुपये दिले. कोड स्कॅन करताना फोन दोनदा हलला, तिसऱ्यांदा जमले. मी हात मागे बांधून उभी होते. घरी येऊन त्यांनी वही उघडली, तारीख आणि रक्कम लिहिली आणि त्यापुढे व्यवहाराचा बारा आकडी क्रमांक फोनवरून पाहून, तीन-तीन आकडे सुटे करून उतरवून घेतला. सोमवारी ते पासबुक भरून आणणार आहेत, आणि तिथे ती ओळ दिसून पेन्सिलीचे टिंब पडेपर्यंत दुसरा व्यवहार करणार नाहीत.